चित्र कोणाचे, शब्द कोणाचे? : बालवर्गातील चित्रसंवादाचा मागोवा

मराठीच्या एम.ए.च्या वर्गात कविता शिकवताना आम्हाला एक अनुभव नेहमी येतो. कविता वाचून होते, अवघड शब्दांचे अर्थ सांगून होतात आणि आम्ही विचारतो, 'तुम्हाला यात काय दिसले?' वर्ग गप्प होतो. विद्यार्थी वहीत डोके घालतात. थोड्या वेळाने कोणीतरी धीर करून विचारते, 'सर, परीक्षेत काय लिहायचे?' हे विद्यार्थी मंद नाहीत. गावाकडची हकीकत सांगताना किंवा एखाद्या सिनेमावर बोलताना ते नेमके, मार्मिक बोलतात. परंतु समोर छापील पान आले की त्यावर आपलेही काही म्हणणे असू शकते, हा विश्वास ते गमावून बसतात. त्या पानाचा अर्थ कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेला आहे आणि तो मार्गदर्शकातून मिळवायचा आहे, एवढेच त्यांना ठाऊक असते.

हे मौन नेमके कोठे सुरू होते, याचा विचार करीत आम्ही मागे मागे जात राहिलो. पदवीचे वर्ग, कनिष्ठ महाविद्यालय, माध्यमिक शाळा असे करीत अखेर पहिलीच्या आणि त्याही आधीच्या बालवर्गापर्यंत येऊन पोहोचलो. मुलाच्या हाती पहिले पुस्तक येते ते बहुधा चित्रांचे असते. त्या चित्राविषयी वर्गात काय बोलले जाते, कोण बोलते आणि कोणाच्या भाषेत बोलते, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असावे, असे आम्हाला वाटू लागले. प्रस्तुत लेख त्या शोधाची एक नोंद आहे.

उमरेडच्या वर्गातील एक सकाळ

उमरेड हे नागपूरच्या आग्नेयेस सुमारे ४५ किलोमीटरवरचे तालुक्याचे गाव. एके काळी कोष्ट्यांच्या मागावरील रेशीमकाठी धोतरांसाठी ते ओळखले जाई. आज कोळशाच्या उघड्या खाणी आणि उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य यांमुळे त्याचे नाव बाहेर पोहोचते. या परिसरातील एका प्राथमिक शाळेत आम्ही तिघे सहकारी एका सकाळी गेलो. सोबत आठवडी बाजाराचे एक मोठे, भरगच्च चित्र होते. पहिलीची मुले भोवती बसली आणि आम्ही सुरुवात केली ती आम्हाला येत होती त्याच पद्धतीने. 'हे काय आहे?' 'ही कोण?' 'या गाडीचा रंग कोणता?' उत्तरे आली, सर्वांनी एका सुरात दिली आणि प्रत्येक उत्तर एकाच शब्दाचे होते. गाय. बाई. लाल.

तेवढ्यात एका मुलीने भाजीवालीपुढच्या हिरव्या जुड्यांवर बोट ठेवून आपणहून म्हटले, 'सांभार.' आमच्यापैकी एकाच्या तोंडून सवयीने निघून गेले, 'सांभार नाही, कोथिंबीर म्हण.' मुलीने बोट मागे घेतले. त्यानंतर ती तासभर काही बोलली नाही.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे की आमच्याकडे कोथिंबिरीला सांभारच म्हणतात. आम्ही स्वतः घरी सांभारच म्हणतो. पेरूला जाम म्हणतो, बटाट्याला आलू म्हणतो. त्या मुलीने चित्र अचूक वाचले होते. तिने केवळ पुस्तकाचा शब्द वापरला नव्हता. आम्ही दुरुस्त केला तो शब्द नव्हता. चित्रावर आपण आपल्या भाषेत बोलू शकतो, ही तिची समजूत आम्ही दुरुस्त केली होती.

नंतर आमच्यातील दुसऱ्या सहकाऱ्याने प्रश्न विचारणे सोडून दिले. चित्र मुलांच्या मध्ये जमिनीवर ठेवले आणि एवढेच म्हटले, 'पाहा आणि सांगा.' बराच वेळ काही झाले नाही. मग एका मुलाने चित्राच्या मागच्या बाजूला असलेल्या टेकडीवर बोट ठेवले. 'थो खदानीचा पहाड होय.' उमरेडच्या आसपास खाणीतून उपसलेल्या मातीचे ढिगारे टेकड्यांसारखे उभे आहेत. त्या मुलाला तीच टेकडी ठाऊक होती. शेजारच्या मुलीने लगेच हरकत घेतली, 'खदानीच्या पहाडावर झाडं नसतात, याच्यावर तं आहेत.' मुलगा क्षणभर थांबला, चित्राजवळ वाकला आणि म्हणाला, 'जुना असंल.'

एका मुलाने विधान केले. दुसरीने चित्रातलाच पुरावा दाखवून ते खोडले. पहिल्याने पुरावा मान्य केला आणि त्याच्याशी जुळेल असे आपले विधान बदलून मांडले. साहित्यसमीक्षेच्या तासाला आम्ही विद्यार्थ्यांकडून याहून वेगळे काय अपेक्षितो? सहा वर्षांच्या मुलांना जे जमत होते ते बावीस वर्षांच्या विद्यार्थ्यांना का जमत नाही, हा प्रश्न घेऊन आम्ही परतलो आणि मग इतिहासाकडे वळलो.

सांगणाऱ्याचे चित्र

चित्र समोर ठेवून गोष्ट सांगण्याची रीत आपल्याकडे शाळेहून कितीतरी जुनी आहे. सिंधुदुर्गातील कुडाळ तालुक्यात पिंगुळी येथे ठाकर समाजातील चित्रकथींनी ही परंपरा आजवर जपली आहे. सावंतवाडी संस्थानाचा तिला आश्रय होता. सुट्या कागदांवरील चित्रांची पोथी, एकामागून एक पुढे येणारे चित्र, वाद्यांची साथ आणि रामायण-महाभारतातील आख्यान असे तिचे स्वरूप आहे. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरातल्या अनेकांना पिंगुळीचे नाव प्रथमच कळले.

चित्रकथीच्या सादरीकरणात दोन गोष्टी आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की तेथे चित्र शब्दाचे ओझे वाहत नाही. चित्राखाली काही लिहिलेले नसते. चित्र थांबलेले असते आणि निवेदन वाहते असते. त्या दोहोंमधील अंतर ऐकणाराच भरून काढतो. दुसरी अशी की चित्राचा अर्थ सांगण्याचा अधिकार मात्र सांगणाऱ्याकडेच राहतो. प्रेक्षक पाहतात, ऐकतात, हळहळतात. चित्राविषयी त्यांना कोणी विचारत नाही. पुढे शाळेतील गुरुजी चित्रावर छडी ठेवून बोलू लागले तेव्हा चित्रकथीची पहिली गोष्ट गेली आणि दुसरी राहिली, असे आम्हाला दिसते. वाहते निवेदन गेले आणि अर्थावरचा एकाधिकार मात्र कायम राहिला.

अक्षराचे चित्र

शाळेसाठी मुद्दाम केलेल्या चित्रांच्या पुस्तकाचा विषय निघाला की कोमेनियसचे नाव येतेच. मोराविया प्रांतातील या शिक्षणविचारकाचे 'ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टस' हे पुस्तक १६५८ साली न्यूरेंबर्गला छापले गेले. एका पानावर चित्र, चित्रातील प्रत्येक वस्तूला आकडा आणि त्याच आकड्यापुढे लॅटिन व जर्मन शब्द अशी त्याची मांडणी. रट्टा मारून लॅटिन शिकणाऱ्या मुलांच्या हाती डोळ्यांनी पाहता येईल असे जग देणे, हा त्यामागचा विचार त्या काळात क्रांतिकारक होता. पण त्याच मांडणीत पुढच्या अडचणीचे बीजही होते. चित्रातील वस्तूला आकडा मिळाला की तिचे नाव ठरते आणि नाव सांगून झाले की चित्र संपते.

मराठी मुद्रणाच्या आरंभी मुलांसाठी पुस्तके झाली, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरे आहे. तंजावरच्या सरफोजीराजांच्या छापखान्यात १८०६ मध्ये इसापच्या गोष्टींचे 'बालबोधमुक्तावली' हे पुस्तक निघाले. मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे 'बाळमित्र' आणि 'इसपनीतिकथा' १८२८ मध्ये आले. १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओकांचे 'बालबोध' आणि १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांचे 'आनंद' ही मासिके सुरू झाली. एकोणिसाव्या शतकातील या बालवाङ्मयाचे बळ मात्र शब्दांत होते. गोष्ट वाचायची आणि तिचे तात्पर्य घ्यायचे. पुण्यात १८७८ साली चित्रशाळा स्थापन झाल्यावर देवादिकांची आणि पौराणिक प्रसंगांची छापील रंगीत चित्रे घराघरांत पोहोचली. त्या चित्रांना भिंतीवर मान होता, वर्गात बोलण्याचा विषय म्हणून नव्हता.

मराठी घरांत खऱ्या अर्थाने पसरलेले पहिले चित्रपुस्तक कोणते, असे विचारले तर आम्ही अंकलिपीचे नाव घेऊ. स्टेशनरीच्या दुकानात, जत्रेत, बसस्थानकावर मिळणारी, थोड्या पैशांची, चकचकीत मुखपृष्ठाची ही पुस्तिका. आमच्या पिढीने बहुधा तिच्यावरूनच मुळाक्षरे गिरवली. तिच्यात अननस आहे, एडका आहे, ऐरण आहे, ठसा आहे. विदर्भातल्या आमच्या लहानपणी अननस आम्ही केवळ अंकलिपीतच पाहिला होता आणि तरी तो कशासाठी आहे हे आम्हाला पक्के ठाऊक होते. तो 'अ'साठी होता. त्याची चव, त्याचे झाड, त्याचा वास हे विचारण्याची वेळच आली नाही. चित्र हे अक्षर लक्षात ठेवण्याची खूण झाले. अंकलिपीने लाखो मुलांना अक्षरओळख दिली. तिला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु चित्र म्हणजे एका शब्दाचे उत्तर, ही सवय तिने लावली आणि पाठ्यपुस्तकांनी ती दृढ केली, हे नोंदवावे लागते.

वस्तू, गोष्ट आणि अंगण

विसाव्या शतकात बालशिक्षणाची दिशा बदलणारे काम ज्यांनी केले त्यांत ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांचे स्थान मोठे आहे. आमच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव बहुधा रत्नाकर मतकरींच्या 'घर तिघांचं हवं' या नाटकामुळे ठाऊक असते. विवाहानंतरची काही वर्षे त्या अमरावतीला होत्या. विदर्भाशी असलेला त्यांचा हा संबंध फारसा कोणाच्या ध्यानात नसतो. पुढे राजकोटमार्गे त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांकडे गेल्या. १९२६ मध्ये तेथे नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि 'शिक्षणपत्रिके'च्या द्वारे ताराबाईंनी हा विचार मराठीत आणला. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले.

गिजुभाई आणि ताराबाई या दोघांवर माँटेसरींच्या विचारांचा खोल प्रभाव होता. मात्र एका बाबतीत त्यांनी आपली वेगळी वाट धरली. अगदी लहान मुलांना परीकथा आणि कल्पित गोष्टी देण्याबाबत माँटेसरी साशंक होत्या. मुलाने आधी प्रत्यक्ष जगाशी ओळख करून घ्यावी, असे त्यांचे मत होते. गिजुभाईंनी उलट गोष्टीला बालमंदिराच्या मध्यभागी आणून बसवले आणि गोष्ट कशी सांगावी याचे एक शास्त्रच लिहिले. साहित्याच्या अभ्यासकांनी या मतभेदाकडे लक्ष द्यायला हवे. लहान मुलाला कल्पिताचा अधिकार आहे की नाही, असा हा वाद होता. आणि आपल्याकडे त्याचा निकाल गोष्टीच्या बाजूने लागला.

१९४५ मध्ये ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले. तेथे अनुताई वाघ (१९१०-१९९२) त्यांना येऊन मिळाल्या. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, या साध्या विचारातून तेथे अंगणवाडी जन्माला आली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षिका कुरणावर जाऊ लागल्या आणि कुरणशाळा झाली. परदेशी पद्धतीची महाग साधने परवडणारी नव्हती, म्हणून पाने, फुले, बिया, शिंपले, खडे यांची साधने झाली. कोसबाडची मुले मुख्यतः वारली होती. ज्या घरांतून ती येत होती तेथे लग्नप्रसंगी भिंतीवर चौक लिहिला जाई. वारली माणूस चित्र 'काढतो' असे न म्हणता 'लिहितो' असे म्हणतो, याची आठवण येथे करून देणे अप्रस्तुत होणार नाही. अक्षरओळख नसलेल्या समाजातही चित्राची साक्षरता असू शकते, हे ज्या वर्गात सहज दिसावे असा तो वर्ग होता.

आमच्या बाजूला, नागपूरपासून काही तासांच्या अंतरावर सेवाग्राममध्ये दुसरा प्रयोग चालू होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम पुढे आली आणि १९४५ च्या सुमारास तिचा विस्तार होऊन पूर्व-बुनियादी शिक्षणाचाही त्यात समावेश झाला. सेवाग्रामात लहान मुलांचे हे काम शांता नारूलकर यांनी उभे केले. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ ते १९६२ या काळात तेथे कलाशिक्षक होते. मुलांपुढे नमुना ठेवून त्याची नक्कल करून घेणे त्यांना मान्य नव्हते. मुलाने आपल्या पाहण्यातून, आपल्या हाताने चित्र करावे, असा त्यांचा आग्रह होता.

गांधीजींना पाठ्यपुस्तकांविषयी फारसे प्रेम नव्हते; शिक्षक हेच विद्यार्थ्याचे खरे पाठ्यपुस्तक, असे त्यांनी आत्मकथेत म्हटले आहे. त्यामुळे सेवाग्रामच्या वाटेने चित्रपुस्तक वर्गात आले नाही. पण कोसबाड आणि सेवाग्राम या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट घडली. मूल आधी, साधन नंतर, असा क्रम लागला. मुलाच्या बोलण्याला, करण्याला आणि त्याच्या घरच्या जगाला वर्गात जागा मिळाली. ती जागा झाल्याशिवाय चित्रावरील संवादाची कल्पनाच करता आली नसती.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द सरकारी झाला. योजनेने पोषण आणि आरोग्य यांचे मोठे काम केले. बोर्डीच्या अंगणातील गप्पा मात्र त्या शब्दासोबत सर्वत्र पोहोचल्या, असे म्हणता येणार नाही.

मुलाचे चित्र

चित्रपुस्तक हे स्वतंत्र पुस्तक म्हणून भारतीय मुलांच्या हाती पडू लागले ते स्वातंत्र्यानंतर. १९५७ मध्ये नॅशनल बुक ट्रस्ट आणि शंकर पिल्लई यांचा चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट या दोन्ही संस्था स्थापन झाल्या. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतील पुस्तके मराठीतही निघाली आणि स्वस्त किमतीमुळे जिल्हा परिषदेच्या शाळांतील पेट्यांपर्यंत पोहोचली. पेटीला कुलूप असे आणि पुस्तक हरवले तर भरपाई गुरुजींच्या पगारातून होईल ही भीती असे, हा भाग वेगळा.

या पुस्तकांचे वर्गात करायचे काय, हा प्रश्न शिक्षकांपुढे नेमकेपणाने मांडला तो कृष्णकुमार यांनी. 'द चाइल्ड्स लँग्वेज अँड द टीचर' हे त्यांचे छोटेखानी पुस्तक १९८६ मध्ये आले. चित्रावर बोलताना शिक्षक किती निरनिराळ्या तऱ्हांचे प्रश्न विचारू शकतो, याची त्यांनी केलेली मांडणी आजही उपयोगी आहे. चित्रात काय काय आहे ते शोधणे. जे दिसते त्यामागचे कारण लावणे. स्वतःला चित्रातील एखाद्याच्या जागी ठेवून पाहणे. पुढे काय होईल याचा अंदाज करणे. आणि चित्राचे आपल्या अनुभवाशी नाते जोडणे. या पाचांपैकी पहिल्यापाशीच आपले बहुतेक वर्ग थांबतात. उमरेडच्या वर्गात आम्हीही तेथेच थांबलो होतो. खदानीच्या पहाडाची गोष्ट पाचव्या प्रकारात सुरू झाली आणि दुसऱ्यात जाऊन पोहोचली. आमच्या एकाही प्रश्नाशिवाय.

इंग्लंडमध्ये एडन चेंबर्स यांनी १९९३ मध्ये 'टेल मी' या पुस्तकात जवळपास याच दिशेचा विचार मांडला. मुलाने काही मत दिले की शिक्षक लगेच 'का?' विचारतो. हा 'का' मुलाला उलटतपासणीसारखा वाटतो, असे त्यांचे निरीक्षण आहे. त्याऐवजी 'सांग' म्हणावे. काय आवडले, काय नाही आवडले, काय कोड्यात टाकणारे वाटले आणि कोणती गोष्ट पुन्हापुन्हा आलेली दिसली, या चार गोष्टींवर मुलांना बोलू द्यावे. यातली शेवटची गोष्ट, आकृतिबंध ओळखण्याची, आपण एम.ए.ला मोठ्या सायासाने शिकवतो.

चित्रपुस्तक हा साधा प्रकार नाही, हे दाखवण्यासाठी एकच उदाहरण पुरे. पॅट हचिन्स यांचे 'रोझीज वॉक' हे पुस्तक १९६८ मध्ये निघाले. एक कोंबडी फिरायला जाते आणि जेवणाच्या वेळेला परत येते, एवढेच त्यातील शब्द सांगतात. चित्रांत मात्र तिच्यामागे एक कोल्हा लागलेला आहे आणि दर वेळी त्याचीच फजिती होते आहे. शब्दांत कोल्ह्याचा उल्लेखही नाही. मूल ओरडून शिक्षकाला सांगते की कोल्हा आहे, तुम्ही वाचत का नाही! निवेदक जे सांगतो त्याहून अधिक वाचकाला ठाऊक असणे म्हणजे काय, हे आपण नाट्यात्म उपरोध शिकवताना व्याख्येने सांगतो. चार वर्षांच्या मुलाला ते पान उलटता उलटता कळते. अट एवढीच की त्याला ओरडू दिले पाहिजे.

मराठीत हा विचार सर्जक पातळीवर नेण्याचे श्रेय प्रामुख्याने माधुरी पुरंदरे यांच्याकडे जाते. लेखन आणि चित्र दोन्ही एकाच हातचे असल्याने त्यांच्या पुस्तकांत चित्र शब्दांची पुनरुक्ती करीत बसत नाही. 'राधाचं घर', 'यश' या मालिकांत घर, नातेवाईक, शाळा, कंटाळा, रुसवा असे अगदी जवळचे विषय येतात. 'वाचू आनंदे'मध्ये मराठी साहित्यातील उताऱ्यांसोबत भारतीय चित्रकलेचे नमुने मुलांपुढे येतात. त्यांच्या एका पुस्तकाचे तर नावच 'चित्रवाचन' आहे. चित्र 'पाहायचे' नसून 'वाचायचे' असते, हे त्या शीर्षकातच सांगितलेले आहे. २०१६ मध्ये बिग लिटल बुक अवॉर्ड हा पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्याच वर्षी लेखनासाठीचा मान त्यांना मिळाला. विद्यापीठीय मराठी समीक्षेत त्यांच्या कामाची दखल कितपत घेतली गेली आहे, हे प्रत्येकाने आपापल्या विभागाच्या प्रबंधांची यादी काढून पाहावे. आमच्या यादीने आम्हाला मान खाली घालायला लावली.

वर्गातील प्रत्यक्ष कामाच्या बाजूने फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी मुलांच्या बोलीभाषेचा आदर राखून वाचन-लेखन शिकवण्याची वाट दाखवली. पालघर जिल्ह्यातील सोनाळे येथील क्वेस्ट ही संस्था नीलेश निमकर यांच्या पुढाकाराने अंगणवाड्या आणि आश्रमशाळांतील शिक्षकांसोबत भाषाशिक्षणाचे काम करते. पुस्तके मिळत नाहीत ही जुनी तक्रारही आता पूर्वीइतकी खरी नाही. २००४ मध्ये स्थापन झालेल्या प्रथम बुक्सने स्वस्त चित्रपुस्तके काढली आणि २०१५ पासून स्टोरीवीव्हरवर मराठीतली असंख्य पुस्तके विनामूल्य उपलब्ध करून दिली.

अडचण कोठे आहे?

पुस्तके आहेत, विचार आहे, प्रयोगांची पाऊणशे वर्षांहून मोठी परंपरा आहे. तरी उमरेडच्या त्या सकाळी आम्ही, भाषेचे प्राध्यापक, 'हे काय आहे?' यापलीकडे गेलो नाही. याचा दोष केवळ प्राथमिक शिक्षकांवर ढकलणे सोयीचे आहे, पण प्रामाणिकपणाचे नाही.

काही अडचणी खऱ्या आहेत. पुस्तकाची प्रत एक आणि मुले तीस-पस्तीस; मागे बसलेल्याला चित्रच दिसत नाही. अनेकदा एकाच शिक्षकाकडे दोन इयत्ता असतात. शिवाय जे मोजले जाते तेच शिकवले जाते. २०२१ मध्ये आलेल्या निपुण भारत अभियानात मौखिक भाषाविकासाला स्थान आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु मिनिटाला किती शब्द वाचले हे आकड्यात सांगता येते. 'जुना असंल' या उत्तराला कोणत्या रकान्यात भरायचे?

याहून खोल अडचण भाषेची आहे. उमरेड हे नागपुरी आणि झाडीबोलीच्या सीमेवरचे गाव. चित्रावर मूल मोकळेपणाने बोलले तर ते बोलीतच बोलेल. शिक्षकाला प्रमाण भाषा शिकवायची असते आणि ते त्याचे कर्तव्यही आहे. त्यामुळे प्रत्येक वाक्यावर 'असे म्हण' ही दुरुस्ती येत राहते. यावर आमच्यात बराच वाद झाला. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की पहिलीपासून प्रमाण भाषा कानावर पडली नाही तर हीच मुले पुढे स्पर्धेत मागे पडतील. बोलीचे कौतुक करणे आपल्याला परवडते, कारण आपण प्रमाण भाषा शिकून नोकरीला लागलो आहोत. या आक्षेपात तथ्य आहे आणि तो झटकून टाकता येत नाही.

विचारांती आम्ही एवढ्यापर्यंत आलो. प्रमाण भाषा शिकवावीच. पण चित्रावरील बोलणे हा ती शिकवण्याचा तास नव्हे. तेथे शिक्षकाने मुलाचा शब्द घ्यावा, वापरावा आणि आपला शब्द शेजारी ठेवावा. 'हो, सांभार. पुस्तकात याला कोथिंबीर म्हणतात.' या दोन वाक्यांत मुलाचा शब्द शाबूत राहतो आणि त्याच्याकडे दुसराही येतो. 'सांभार नाही' या दोन शब्दांनी मात्र त्याच्याकडचा एक शब्द काढून घेतला जातो, आणि पुढचे पुस्तक समोर आल्यावर ते बोलायचे की नाही याचा विचार करू लागते. ज्या वर्गात एम.ए.चे विद्यार्थी 'परीक्षेत काय लिहायचे?' असे विचारतात तो वर्ग येथून फार दूर नाही.

म्हणूनच हा विषय केवळ डी.एड. आणि बी.एड.च्या अभ्यासक्रमावर सोडून देण्याचा नाही, असे आम्हाला वाटते. आमचे निम्मे विद्यार्थी उद्या कोणत्या ना कोणत्या शाळेत शिक्षक होणार आहेत. बालसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेत आपण इतिहास शिकवतो, बालकवितेची वैशिष्ट्ये लिहून देतो. एक चित्रपुस्तक वर्गात मध्ये ठेवून त्यावर तासभर बोलत नाही. ते करून पाहिले तर आपल्या विद्यार्थ्यांचे मौनही कदाचित थोडे सैल होईल.

त्या शाळेत आम्ही पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो. या वेळी चित्र वेगळे होते, शेताचे. बैलजोडी दिसताच मुलांनी तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांच्या गोष्टी सुरू केल्या; कोणाच्या बैलाला चाके आहेत, कोणाचा आजाने केलेला आहे. मागच्या वेळी गप्प झालेली मुलगी कडेला बसली होती. आम्ही तिला काही विचारले नाही. बराच वेळ ती चित्र पाहत राहिली आणि मग शेताच्या बांधावर बसलेल्या बाईकडे बोट करून शेजारणीच्या कानात काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते आम्हाला ऐकू आले नाही. त्या चित्रात बांधावर एक बाई बसलेली आहे, हे तोवर आमच्यापैकी कोणीच पाहिले नव्हते.